यूडी कार्बनची पट्टी: ओढली तर १२८ जीपीए, वाकवली तर ९८. फरक कुठे गेला?

रेझिनरसिक (धागाकर्ता, म्हणजे ही चर्चा सुरू करणारा)

कार्बन-इपॉक्सी लॅमिनेट, सगळे थर शून्य अंशात (यूडी, म्हणजे सगळे फायबर पट्टीच्या लांबीच्या दिशेने), व्हॅक्यूम बॅगखाली क्युअर केलेलं (रेझिन कडक केलेलं). फायबर नेहमीचं २३० जीपीएवालं, आकारमानाने साधारण ५५%. टेन्साइल (ओढण्याच्या) टेस्टमध्ये मॉड्युलस (ताठपणा) १२८ जीपीए आला. त्याच पॅनेलमधून कापलेल्या पट्ट्यांची तीन-बिंदू बेंडिंग टेस्ट केली तर ९८ येतोय.

पट्टीची जाडी ४ मिमी, रुंदी १३ मिमी. स्पॅन (आधारांमधलं अंतर) ६४ मिमी. वेग १.७ मिमी/मिनिट (प्लास्टिकच्या बेंडिंग टेस्टचं एएसटीएम मानक डी७९०, त्याच्या सूत्राने). भार-विक्षेप आलेखाच्या सरळ भागाचा चढ १२५० न्यूटन/मिमी. विक्षेप (पट्टी किती खाली गेली) यूटीएमच्या, म्हणजे टेस्टिंग मशीनच्या, क्रॉसहेडवरूनच (भार देणाऱ्या सरकत्या आडव्या भागावरून) घेतला आहे. सरासरी २३०० न्यूटनला तुटतात, म्हणजे १०६० एमपीएच्या आसपास. पाचही पट्ट्या एकमेकींच्या जवळ आहेत, त्यामुळे मोजमापात गडबड वाटत नाही. मग टेन्साइलचा आकडा चुकलाय का?

शून्यअंश

टेन्साइलचा आकडा बरोबर आहे. ०.५५ × २३० म्हणजे १२६.५, त्यात रेझिनचा वाटा दीडेक जीपीए. १२८ झाले. संशय घ्यायचा तर बेंडिंगवर घ्या.

आणि पाच पट्ट्या एकमेकींशी जुळल्या म्हणजे आकडा खरा असं होत नाही. पाचही एकाच चुकीने खाली आल्या असतील तर जुळणारच की.

पहिली चूक स्पॅनची. ६४ भागिले ४ म्हणजे १६:१. हे प्रमाण प्लास्टिकसाठी ठीक, यूडी कार्बनसाठी नाही. पट्टी नुसती वाकत नाही, थर एकमेकांवर सरकल्यामुळेही (यालाच शिअर म्हणतात) ती थोडी खाली जाते. आपण वापरतो त्या सूत्रात हे सरकणं धरलेलंच नसतं. आयताकृती छेदासाठी हिशोब सोपा आहे:

शिअरचा विक्षेप ÷ वाकण्याचा विक्षेप = १.२ × (ई ÷ जी) × (जाडी ÷ स्पॅन)²

इथे ई (मॉड्युलस) १२८ आणि जी (थरांमधल्या शिअरचा मॉड्युलस) साधारण ५ धरा. गुणोत्तर २५.६. स्पॅनच्या प्रमाणानुसार शिअरमुळे वाढणारा विक्षेप असा:

१६:१ ला १२%
३२:१ ला ३%
४०:१ ला २% च्या आत
६०:१ ला १% हूनही कमी

म्हणजे बाकी सगळं आदर्श असतं तरी तुम्हाला १२८ ÷ १.१२ = ११४ च दिसले असते. विणलेल्या ग्लास कापडाचा ई/जी पाच-सहाच असतो, त्याला १६:१ वर अडीच टक्क्यांचा फटका बसतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. एकाच स्पॅनवर ग्लास आणि कार्बनची तुलना करणारे तक्ते पाहिले की म्हणूनच भीती वाटते.

कंपोझिटच्या बेंडिंगच्या मानकात, डी७२६४ मध्ये, नेहमीचं प्रमाण ३२:१ आहे. आयएसओ १४१२५ यूडी कार्बनला थेट ४०:१ सांगतं, २ मिमी जाडी आणि ८० मिमी स्पॅन.

डायलगेज

११४ ते ९८ हा उरलेला फरक मशीनचा आहे. क्रॉसहेड किती खाली आला हे मोजलंत, पट्टी किती खाली गेली हे नाही. मधल्या पिना, लोड सेल (भारमापक), फिक्श्चरची बैठक, रोलर आणि पट्टीचा स्पर्श, सगळं थोडं थोडं दबतं. पट्टी जितकी ताठ तितका हा वाटा मोठा. लांब स्पॅनवर पट्टी मऊ लागते तेव्हा हे झाकलं जातं, आखूड स्पॅनवर उघडं पडतं.

तपासायचं असेल तर:

१. आधार आहेत त्याच ६४ मिमीवर ठेवा. त्यांवर २५ मिमी जाड, तेवढीच रुंद, सपाट ग्राइंड केलेली पोलादी पट्टी ठेवा. २००० न्यूटनखाली ती स्वतः २-३ मायक्रॉनच वाकेल, म्हणजे न वाकल्यासारखीच.
२. तोच रोलर, तोच वेग. शून्यापासून टेस्टमध्ये जाता तिथपर्यंत भार न्या. तीन वेळा करा, पहिली फेरी सोडून द्या. पहिल्या फेरीत सगळे सांधे बसतात.
३. जो विक्षेप दिसेल तो पूर्ण मशीनचा. त्याच भाराला पट्टीच्या वाचनातून वजा करा.

कायमचा उपाय म्हणजे पट्टीच्या पोटाखाली, बरोबर मध्यावर एलव्हीडीटी किंवा डिफ्लेक्टोमीटर (विक्षेप थेट मोजणारं उपकरण) लावणे. वजाबाकी ही तात्पुरती मलमपट्टी. फिक्श्चर उतरवून परत चढवलं की आकडा बदलतो.

रेझिनरसिक

केलं. २००० न्यूटनला ०.२२ मिमी, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तेच. म्हणजे १००० न्यूटनला ०.११.

पट्टीचं वाचन १००० न्यूटनला ०.८० मिमी होतं. वजा जाता ०.६९. चढ १४४९ न्यूटन/मिमी, मॉड्युलस ११४. शिअरचे १२% परत जोडले की १२८.

इतकं चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे मॉड्युलसचा प्रश्न मिटला. आता ताकद. टेन्साइलच्या मानाने १०६० कमी आहे. तुटलेल्या पट्ट्या नीट पाहिल्या: पाचपैकी तिनांमध्ये टोकाकडून जाडीच्या मध्यावर आडवी भेग गेली आहे. वरचं-खालचं पृष्ठ शाबूत. उरलेल्या दोनांत रोलरखाली वरच्या बाजूला चुरगळल्यासारखी रेघ आहे.

शून्यअंश

इतकं चपखल बसलं त्यात थोडा योगायोग आहे. जी ५ हा मी धरलेला अंदाज. तो ४ असता तर शिअरचा वाटा १५% झाला असता. पण दिशा हीच.

ताकदीच्या बाबतीत मात्र वेगळीच गोष्ट दिसतेय. ज्या तीन पट्ट्या मधून उकलल्या, त्या वाकून तुटल्याच नाहीत. त्यांचा १०६० हा आकडा बेंडिंग स्ट्रेंग्थ म्हणून लिहूच नका. तुटण्याच्या क्षणी पृष्ठभागावर एवढा ताण होता, इतकाच त्याचा अर्थ.

तीन-बिंदूत जाडीच्या मध्यावरचा शिअर ताण = ०.७५ × भार ÷ (रुंदी × जाडी). २३०० ला तो ३३ एमपीए निघतो. आणि इथेच कुठेतरी पाणी मुरतंय. चांगलं बसलेलं कार्बन-इपॉक्सी ६०-८० एमपीए सहज घेतं. स्पॅन आखूड होता हे खरं, पण धड लॅमिनेट १६:१ लाही ३३ वर उकलत नाही. तुमच्या थरांमध्ये दम नाही. व्हॉइड (आत अडकलेल्या पोकळ्या), कमी क्युअर, नाहीतर दोन थरांमध्ये काहीतरी अडकलेलं.

शॉर्ट बीम टेस्ट (आखूड पट्टी वाकवून थरांमधली शिअर ताकद मोजणारी) करा, डी२३४४. ४ मिमी जाडीला स्पॅन १६, रुंदी ८, लांबी २४ मिमी. वरचा रोलर ६ मिमी व्यासाचा, खालचे ३ मिमीचे. तुकडे छोटे असतात, पॅनेलच्या पाच-सहा वेगवेगळ्या जागांवरून काढा. कडेचे आणि मधले वेगळे आले तर बॅगचा दाब किंवा रेझिनचा प्रवाह असमान होता हे लगेच कळेल.

पाणीकरवत

व्हॉइड मोजायचे तर नुसती घनता पुरत नाही, फायबरचं वजनी प्रमाणही लागतं. ग्लास असेल तर भट्टीत ५६५ अंशांना रेझिन जाळून टाकता येतं. कार्बन तसं करू नका, हवेत त्या तापमानाला फायबरही जळायला लागतं आणि प्रमाण कमी दिसतं. कार्बनला आम्लात विरघळवण्याची पद्धत, डी३१७१. गरम नायट्रिक किंवा सल्फ्युरिक आम्लाचं काम आहे, फ्यूम हुडखालीच.

उदाहरण: घनता १.४८, फायबर वजनाने ६४.७%, फायबरची घनता १.८०, रेझिनची १.२०.
१.४८ × (०.६४७ ÷ १.८० + ०.३५३ ÷ १.२०) = ०.९६७. उरलेले ३.३% म्हणजे व्हॉइड.

रेझिनची घनता १.२० ऐवजी १.१८ धरली तर याच नमुन्यात व्हॉइड २.५% होतात, म्हणून रेझिनचा वेगळा ठोकळा ओतून त्याची घनता स्वतः मोजा. प्रत्येक टक्का व्हॉइडमागे थरांमधली शिअर ताकद साधारण ७% उतरते असं धरतात. त्यामुळे ३.३% व्हॉइडने ७० चे ५४-५५ होतील, ३३ नाही होणार. फक्त व्हॉइडवर बिल फाडून मोकळे होऊ नका.

आता कापण्याबद्दल, कारण ते कुणी विचारत नाही. डायमंड चाकाने, पाणी चालू ठेवून. कोरडं कापलं तर कडेचं रेझिन तापतं आणि थर तिथेच उकलायला लागतात. मग टेस्टमध्ये टोकाकडून जाणारी भेग दिसते आणि दोष रेझिनला. कापल्यावर कडा २२०, ४००, ६०० अशा पाणपेपरवर, घासायची दिशा पट्टीच्या लांबीची. भिंगाखाली कडेवर पांढरी रेघ दिसली तर ती पट्टी बाद. पाण्यात कापलेल्या पट्ट्या वाळवून मग २३ अंश, ५०% आर्द्रतेला ठेवायच्या.

कोनाकडेही बघा. यूडी पट्टी ३ अंश तिरकी कापली गेली तर १५०० एमपीए ताणाला फायबरच्या दिशेने ७८ एमपीए शिअर पडतो (साइन गुणिले कोसाइन, ०.०५२). तेवढ्यावर पट्टी फायबरच्या रेषेत चिरते. १ अंशाला तोच २६. पॅनेलची कड सरळ आहे म्हणून फायबर सरळ असेल असं नाही. एक बारीक चीर देऊन पॅनेल फायबरच्या बाजूने मोडा आणि ती मोडलेली कड संदर्भ धरा.

जाडी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी. ३.९० ला ४.०० लिहिलं तर ताकद ५% आणि मॉड्युलस ७% हून अधिक कमी दिसतो, कारण एकात वर्ग आहे, दुसऱ्यात घन. पील प्लायचा (क्युअरनंतर सोलून काढायच्या कापडाचा) खरबरीत ठसा असेल तर सपाट जबडा उंचवट्यांवर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. तिथे गोल टोकाचा मायक्रोमीटर.

विणकर

धाग्यात घुसतोय, पण विषय तोच. विणलेल्या ग्लासचं ४ मिमीचं लॅमिनेट, ३२:१ वर ४५० एमपीएच्या आसपास येतं. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, चढ नीट काढताच येत नाही. मशीन १०० किलोन्यूटनचं आहे. फिल्टर लावून गुळगुळीत करू का?

डायलगेज

नका. ४५० एमपीएला १२८ स्पॅन, १३ × ४ च्या पट्टीवर भार होतो ४८७ न्यूटन. १०० किलोन्यूटनच्या लोड सेलच्या अर्धा टक्का. दाते आहेत ते लोड सेलचे, लॅमिनेटचे नाहीत. हत्तीच्या काट्यावर जिरं मोजताय. १ किंवा २ किलोन्यूटनचा सेल लावा.

चढ काढताना सुरुवातीचा वाकडा पाय सोडा, तिथे पट्टी रोलरवर बसत असते. डी७२६४ साठी ०.००१ ते ०.००३ या विकृतींमधली (पृष्ठाच्या लांबीतल्या सापेक्ष बदलांमधली) जीवा, म्हणजे आलेखावरचे ते दोन बिंदू जोडणारी रेषा, घेतात. तुमच्या मापाला विक्षेपात ते ०.६८ ते २.०५ मिमी. आयएसओवाले ०.०००५ ते ०.००२५ घेतात. दोन अहवालांची तुलना करताना कुणी कुठली जीवा घेतली ते आधी बघा.

विणकर

लोड सेलचं कळलं. अजून एक: क्रॉस-प्लायला (काही थर ० अंशात, काही ९० त) टेन्साइल आणि बेंडिंगचा मॉड्युलस जुळायला हवा ना?

शून्यअंश

नाही, आणि जुळला तर उलट काळजी करा. ओढताना प्रत्येक थराला सारखा मान. वाकवताना थर मध्यापासून किती लांब आहे यावर त्याचं वजन ठरतं, तेही घनाच्या पटीत.

चार सारखे थर घ्या, शून्य अंशाचा ई १३०, नव्वदचा ९.

०/९०/९०/०: बाहेरच्या दोन थरांचा वाटा १ − (½)³ = ०.८७५. बेंडिंग मॉड्युलस ०.८७५ × १३० + ०.१२५ × ९ = ११५ जीपीए.
९०/०/०/९०: ०.१२५ × १३० + ०.८७५ × ९ = २४ जीपीए.

ओढलं तर दोन्ही ६९.५. तेच थर, तेवढंच रेझिन, फक्त क्रम उलटा आणि जवळजवळ पाच पट फरक. म्हणून क्रम न लिहिता नुसतं क्रॉस-प्लाय एवढंच लिहिलेला बेंडिंगचा आकडा काही कामाचा नाही.

रेझिनरसिक

शॉर्ट बीम झाली. सरासरी १५४० न्यूटन, म्हणजे ३६ एमपीए. मधले आणि कडेचे तुकडे सारखेच. म्हणजे जागेचा दोष नाही. व्हॉइड अजून मोजायचे आहेत.

दरम्यान पट्ट्यांचं काय? चार-बिंदू केली तर मधल्या भागात शिअर शून्य असतो. तसं करून बेंडिंगची खरी ताकद मिळेल का?

पाणीकरवत

+१, चार-बिंदूच करा. रोलरखालचं चुरगळणंही टळेल.

शून्यअंश

असहमत. हा गैरसमज फार मुरलेला आहे.

चार-बिंदूत (वरच्या रोलरमधलं अंतर स्पॅनच्या निम्मं) मधल्या भागात शिअर शून्य, बरोबर. पण तो नाहीसा होत नाही, बाहेरच्या दोन चतुर्थांशांत जाऊन बसतो, आणि वाढून. सूत्रं मांडा:

तीन-बिंदू: पृष्ठावरचा ताण ÷ शिअर ताण = २ × स्पॅन ÷ जाडी
चार-बिंदू: तेच = १ × स्पॅन ÷ जाडी

म्हणजे त्याच स्पॅनवर, त्याच पृष्ठताणाला शिअर दुप्पट. तुमचं लॅमिनेट ३३ ला उकलतं. १६:१ वर चार-बिंदू केलीत तर ५३० एमपीएलाच मधून फाटेल. ३२:१ वर १०६० ला, जिथे आत्ता आहात तिथेच. तीन-बिंदू ३२:१ वर मात्र २११० पर्यंत शिअरची मर्यादा येत नाही, त्याआधी पृष्ठभाग तुटेल. या पॅनेलला तीन-बिंदू, १२८ मिमी स्पॅन.

रोलरचंही तसंच. त्याच ताणाला चार-बिंदूत एकूण भार दुप्पट लागतो आणि दोन रोलरमध्ये विभागतो. प्रत्येक रोलरखाली तेवढाच भार राहतो. फायदा वेगळा आहे: सर्वाधिक ताणाचा भाग एका रेषेऐवजी पूर्ण मधल्या टप्प्यात पसरतो. त्यामुळे पट्टी रोलरपासून लांब तुटण्याची शक्यता असते. आणि जास्त आकारमान ताणाखाली आल्याने आकडा थोडा कमी, पण अधिक प्रामाणिक मिळतो.

पाणीकरवत

मान्य, शिअर दुप्पट होतो हे डोक्यात नव्हतं. मग तीन-बिंदूत रोलरखालच्या चुरगळण्यासाठी: रोलरची त्रिज्या तपासा. डी७२६४ ला ३ मिमी. आयएसओ १४१२५ मध्ये वरचा रोलर ५ मिमी त्रिज्येचा. झिजून सपाट पट्टा पडलेला रोलर कडेने चावतो. पॉलिप्रॉपिलीनची ०.२ मिमीची पट्टी मध्ये ठेवली तरी खुणा बऱ्याच कमी होतात. मात्र ती दबते, म्हणून विक्षेप पोटाखालूनच मोजा.

शून्यअंश

आणि ती चुरगळलेली रेघ नुसती रोलरची खूण आहे की खरा कॉम्प्रेशन फेल्युअर, हे वेगळं करा. कार्बन लॅमिनेट दाबात ताणापेक्षा कमकुवत, त्यामुळे वरच्या बाजूने तुटणं हे त्याचं नेहमीचंच. पट्टीची कड पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फायबर एका तिरक्या पट्ट्यात दोनदा मोडून एकत्र वळलेले दिसले तर किंक बँड, तो ग्राह्य. फक्त वरचे एक-दोन थर रोलरच्या रुंदीत पिचलेले असतील तर बाद. फायबरला आडवा आधार रेझिनच देतं, म्हणून ओलावा किंवा उष्णतेने रेझिन मऊ झालं की आधी हीच बाजू ढासळते.

विणकर

अॅरामिडची (केव्हलरसारख्या फायबरची) पट्टी तुटतच नाही. १०० मिमी स्पॅनवर नुसती धनुष्यासारखी वाकते आणि भार सपाट होतो. कुठला आकडा लिहायचा?

डायलगेज

तिथे तुटण्याची वाट पाहूच नका. अॅरामिडचे तंतू दाबाच्या बाजूला अर्ध्या टक्क्याच्या आतच मुडपायला लागतात, ताणाच्या बाजूला अजून काहीच झालेलं नसतं. मध्यरेषा खाली सरकते, म्हणून साध्या सूत्राने काढलेला ताण पृष्ठावरचा खरा ताण राहत नाही. सर्वोच्च भार, त्यावेळची विकृती आणि तुटली नाही ही नोंद, तिन्ही लिहा.

जास्त वाकणाऱ्या सगळ्याच पट्ट्यांना आणखी एक गोष्ट. विक्षेप स्पॅनच्या १०% पलीकडे गेला की डी७९० मधला दुरुस्तीचा गुणक लावा:

१ + ६ × (विक्षेप ÷ स्पॅन)² − ४ × (जाडी ÷ स्पॅन) × (विक्षेप ÷ स्पॅन)

यूडी ग्लास, १२८ स्पॅन, ४ जाडी, अडीच टक्के विकृतीला विक्षेप १७ मिमी. गुणक १.०९. नऊ टक्के सोडून देण्याइतके कमी नाहीत. तुमच्या कार्बनला १% विकृतीला सातेक मिमी होतील, तिथे गरज नाही.

रेझिनरसिक

१२८ स्पॅनवर नव्या पाच पट्ट्या, पोटाखाली एलव्हीडीटी: मॉड्युलस १२४, ताकद १३०० च्या जवळ, पाचही वरच्या बाजूने तुटल्या. किंक बँड दिसतोय. व्हॉइड २.१% निघाले, म्हणजे ३६ एमपीएचं पूर्ण कारण ते नाही. डीएससीत (नमुना तापवून करायच्या उष्णतेच्या चाचणीत) पहिल्या फेरीचा काच-संक्रमण बिंदू (रेझिन मऊ व्हायला लागतं ते तापमान) दुसऱ्या फेरीपेक्षा २२ अंशांनी खाली आहे.

पाणीकरवत

मग क्युअर अर्धवट राहिलंय. उरलेल्या पॅनेलचा अर्धा तुकडा पोस्ट-क्युअर करा (पुन्हा तापवून क्युअर पूर्ण करा), अर्धा आहे तसा ठेवा, आणि दोन्हींची फक्त शॉर्ट बीम करा. तापमान मिनिटाला १-२ अंशांनीच चढवा आणि पॅनेल सपाट पत्र्यावर ठेवा, नाहीतर बाक येतो. पोस्ट-क्युअरनेही आकडा हलला नाही तर मग फायबरचं सायझिंग (फायबरवरचा पातळ लेप) त्या रेझिनला जुळतं का ते बघायचं.

रेझिनरसिक

करतो. शेवटचं: बॅगकडची बाजू वर ठेवायची की खाली?

डायलगेज

साच्याकडची गुळगुळीत बाजू वर, रोलरखाली. पूर्ण भार तिथे एकाच रेषेवर येतो, खालच्या आधारांवर निम्मा-निम्मा. पाचही पट्ट्यांना तीच बाजू, आणि अहवालात नोंद. पॅनेल कापण्याआधीच मार्करने साच्याकडच्या बाजूला पूर्ण लांबीभर बाण काढून ठेवा. दोन्ही बाजूंना पील प्लाय असेल तर कापल्यावर कुठली कुठली ते ओळखता येत नाही.